दोन लाख लिटर आणि कोरा चहा

नामाचा गजर झाला, घसे मोकळे झाले, आता जरा ऐसपैस बसा मंडळी. मागच्या खांबाजवळच्या मावशी, पुढे या, तिथे पंखाच जास्त बोलतो. हां. आणि ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी तो हातातच ठेवा! आज मी 'बंद करा' म्हणणार नाही. आजचं आख्यान त्या डबीतलंच आहे.

पूर्वरंगात आपण सत्याचं निरूपण केलं. खरं बोलावं, म्हटलं मी. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला काय जातं हो? आता जरा अडचणीचं विचारतो. खरं बोलावं, कबूल — पण केव्हा? समजा तुमच्या घराला वाळवी लागली. आतून सगळं पोकळ. तुम्हाला कळलं, गावाला कळलेलं नाही. आता हे खरं तुम्ही कधी सांगाल? आधी सांगाल, की आधी घर कुणाच्या तरी गळ्यात माराल आणि मग पारावर बसून 'अरेरे, त्या घराला वाळवी होती बरं का' म्हणाल?

हसले! म्हणजे ओळखीचं वाटलं. ऐका तर मग.

एक होते रंगनाथ चिवटे. राजा नव्हते, ऋषी नव्हते. फलटणकडच्या एका गावात सहकारी दूध संकलन केंद्रावर चौतीस वर्षं फॅट लावायला होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो — सकाळी गाव दूध घालायला येतं, किटलीतलं थोडं दूध काढून तपासायचं, त्यात स्निग्धांश किती, पाणी किती, त्यावर भाव ठरायचा. हे काम ज्याच्या हातात, त्याला गावात मान असतो आणि शिव्याही असतात. नानांना दोन्ही भरपूर. सगळे त्यांना नानाच म्हणायचे. लोक सांगत, नानांनी किटलीकडे नुसतं बघितलं तरी दूध घाबरून घट्ट होतं.

नाना निवृत्त झाले. फंडाचे सहा लाख मिळाले. आता निवृत्त माणसाचा वेळ कसा जातो? पहिला महिना बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवण्यात जातो. दुसऱ्या महिन्यात बायको त्याच्या हातात मोबाइल देते. इंदूकाकूंनी तेच केलं. त्यांना काय कल्पना, त्या मोबाइलमध्ये काय काय राहतं!

तिथे होता एक ग्रुप. नाव 'धनवर्षा परिवार'. आठशे माणसं. त्याचे चालक कुणी विक्रांतसर. ह्यांना कुणी पाहिलेलं नाही, फक्त आवाज यायचा — सकाळी आठला, गोड, एखाद्या घरच्या डॉक्टरसारखा. 'मित्रांनो, घाबरू नका. विकू नका. धरून ठेवा.' आणि हे विक्रांतसर रात्रंदिवस एका कंपनीचं नाव घ्यायचे. आपण देवाचं एवढं घेत नाही! क्षीरवैभव फूड्स. दुधाची कंपनी. माळावर भला मोठा प्रकल्प, रोज दोन लाख लिटर दूध, उद्या परदेशात चीज जाणार, परवा आणखी काय जाणार.

दूध म्हटल्यावर नाना हलले. आपल्या धंद्यातली गोष्ट! अडतीस रुपयांनी सगळ्या फंडाचे शेअर घेतले. आणि शेअर चढायला लागला. पन्नास, सत्तर, शंभर. नाना रोज सकाळी देवपूजेआधी भाव बघायचे. देव म्हणाला असेल, बघ बाबा, मी कुठे जातोय.

नुसते घेऊन गप्प बसले असते तर आख्यान इथेच संपलं असतं. पण आपल्याला एखादी गोष्ट लाभली की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय अन्न पचत नाही. नाना ग्रुपवर लिहू लागले. 'मी चौतीस वर्षं दुधात आहे. क्षीरवैभव म्हणजे साय आहे साय. डोळे मिटून घ्या.' लोकांनी डोळे मिटले. 'नाना म्हणतायत म्हणजे फॅट बरोबर असणार,' असं तिथे म्हणायला लागले. विक्रांतसरांनी नानांना ग्रुपचे मार्गदर्शक केलं. पगार काही नाही, नावापुढे एक गाय चिकटवली. काकूंना ती गाय नानांनी तीनदा दाखवली.

आता त्या आठशे जणांत एक बाई होत्या. मृदुला कोष्टी. इचलकरंजीकडच्या, कॉलेजात हिशेब शिकवणाऱ्या. त्यांनी एके दिवशी साधा प्रश्न लिहिला — 'रोज दोन लाख लिटर दूध म्हणजे निदान वीस हजार गायी हव्यात. त्या माळाच्या आसपास त्या आहेत कुठे? आणि कंपनीच्या अहवालात विजेचा खर्च एवढा कमी कसा? एवढं दूध गार कशावर करतात?'

प्रश्न वाईट होता का, सांगा बरं? पण मंडळी, ज्याचे पैसे वाढत असतात त्याला प्रश्न म्हणजे शिवी वाटते. ग्रुप पेटला. एकानं लिहिलं, 'मॅडम, तुमचे घ्यायचे राहिले म्हणून पोटात दुखतंय.' दुसऱ्यानं लिहिलं, 'ह्यांना मराठी माणूस पुढे गेलेला बघवत नाही.' तिसऱ्यानं काही लिहिलंच नाही, नुसते चाळीस हात जोडले. आणि मग आले आमचे नाना. नानांनी लिहिलं, 'बाई, आम्ही चौतीस वर्षं दुधात हात घातलेत. तुम्ही दूध फक्त चहात बघितलंय. जळकेपणा सोडा.'

आठशे माणसं हसली. नाना तर स्वतःचं वाक्य वाचून स्वतःच हसत होते. काकूंना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "पण त्यांनी विचारलं त्याचं उत्तर काय?"

"अगं, तो प्रश्नच चुकीचा आहे."

"मग बरोबर प्रश्न कोणता?"

नानांनी पाणी मागितलं. बायकोपुढे अडलं की पुरुष पाणी मागतो, हा अनुभव आहे!

दुसऱ्या दिवशी त्या कोष्टीबाईंचा नानांना वेगळा, खासगी निरोप आला. रागाचा एक शब्द नाही. 'काका, तुम्ही खरंच दुधातले आहात म्हणून विनंती करते. प्रकल्प तुमच्यापासून दोन बसच्या अंतरावर आहे. एकदा डोळ्यांनी बघून याल का? मी चुकले असेन तर सगळ्यांसमोर माफी मागेन.'

नाना म्हणाले, आत्ता दाखवतो. इस्त्रीचा शर्ट घातला. गॉगल लावला. तिथल्या मॅनेजरसाठी पाव किलो पेढे घेतले. बेत असा, की प्रकल्पासमोर उभं राहून हसरा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि बाईंची माफी स्वीकारायची. माफीला उत्तर काय द्यायचं तेही बसमध्ये तयार केलं होतं. मोठ्या मनाचं उत्तर होतं.

दोन बस झाल्या, एक वडापची जीप झाली, शेवटचा अर्धा कोस पायी. आणि समोर — वा! केवढं फाटक! केवढी पाटी! आत चकाकणाऱ्या टाक्या, उन्हात डोळे दिपावेत अशा. नानांचा ऊर भरून आला. त्यांनी फोटोसाठी मोबाइल वर धरला. आणि तसाच खाली घेतला.

काय खटकलं? तुम्हाआम्हाला काही खटकलं नसतं. नानांना आधी वास खटकला. नव्हता. मंडळी, डेअरी म्हटली की आंबूस वास शंभर पावलांवरून येतो, तो काही धुऊन जात नाही. इथे नुसता गवताचा वास. मग रस्ता बघितला. टँकरची ये-जा असलेला रस्ता ओला, चिकचिकीत असतो. हा कोरडा ठणठणीत, मधोमध कुसळं उगवलेली. माश्या नाहीत. आणि मग नाना वाकून फाटकाखाली, कुंपणापाशी काहीतरी शोधायला लागले.

मांजर नव्हतं!

हसू नका. अहो, शंभर लिटरच्या संकलन केंद्रावर चार मांजरं असतात. नानांच्या केंद्रावर सहा होती, त्यांची नावं ठेवलेली होती. आणि दोन लाख लिटरच्या डेअरीच्या दारात एक मांजर नाही? माणूस फसेल, सरकार फसेल, विक्रांतसर तर फसवतीलच. पण मांजर? त्याला दूध कुठे आहे ते अहवाल वाचून कळावं लागत नाही.

फाटकावर एक म्हातारा राखणदार. म्हादबा नाव. माणूस आला ह्याचाच त्याला आनंद. "बसा की पाव्हणं," म्हणाला. "च्या टाकतो." तीन दगडांची चूल पेटवली, आणि चहा पुढे केला. नानांनी कपात बघितलं. काळा.

"दूध संपलं का हो?" नानांनी विचारलं.

"दूध?" म्हादबा म्हणाला. "हितं कुटलं दूध, पाव्हणं? वाडी चार किलोमीटर लांब. कवातरी वडापवाला पिशवी आणून देतो, तवा दुधाचा. न्हायतर कोराच."

आलं ध्यानात? दोन लाख लिटरच्या डेअरीत पाहुण्याला कोरा चहा! नानांनी तो प्यायला. चौतीस वर्षांत एवढा कडू चहा त्यांनी प्यायला नव्हता.

"आणि टँकर येतात ना?" नाना अजून आशा सोडत नव्हते.

"येतो की. मालक लोक शूटिंगला आलं की येतो. ते आकाशात उडवायचं यंत्र आणत्यात."

"दुधाचा?"

"पान्याचा. टाक्या धुवाय. चकाकल्या पायजेत म्हणं."

नाना उठून कुंपणाशी गेले. टाक्या एकीला एक लागून उभ्या होत्या, पण त्यांना नळी कुठूनच जोडलेली नव्हती. आत यायला वाट नाही, बाहेर जायला वाट नाही. म्हादबाला विचारून त्यांनी त्याचे फोटो काढले. पेढ्यांचा पुडा म्हादबाच्या हातात दिला. त्या फाटकातून त्या महिन्यात आत गेलेला दुधाचा पदार्थ तेवढाच.

बसमध्ये नाना गॉगल न काढता बसले होते. आपण काय केलं, हे आता एकेक आठवायला लागलं. शिंपीआळीतल्या बापूला घ्यायला लावले. केंद्रावरच्या दोन पोरांना लावले. थोरल्या बहिणीला, कुसुमअक्काला, गेले आठ महिने 'घे, घे' म्हणून मागे लागलो. आणि ग्रुपवरचे किती, ते मोजायची सोयच नाही.

पण मंडळी, माणूस आहे. पश्चात्तापाच्या पाठोपाठ दुसरा विचार येतोच. भाव होता एकशे बेचाळीस. सहाचे बावीस झाले होते. हे अजून कुणाला ठाऊक नाही! आज विकून टाकू, पैसे खात्यात येऊ देत, आणि मग मोकळेपणानं सरकारकडे तक्रार करू. सत्यही बोललं जाईल आणि बावीस लाखही राहतील. दोन्ही हातांत लाडू! नानांनी लगेच मोबाइल काढला. पण घाटात रेंज नव्हती. देव कधी कधी असाच येतो, रेंज घेऊन जातो.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. बाजार बंद होतो साडेतीनला. हातात अर्धा तास. चपला न काढता नाना काकूंना सगळं सांगून मोकळे झाले आणि म्हणाले, "आता आधी विकतो. मग बोलू."

तेवढ्यात फोन वाजला. अक्का!

"रंगू, मी एफडी मोडली बरं का," अक्का म्हणाल्या. "तू एवढा जीव तोडून सांगतोस, म्हटलं आपणच मागे का राहायचं. शेजारचा पोरगा बसलाय इथे, आत्ता घेतोय. किती घेऊ?"

अक्का म्हणजे कोण? यजमान गेल्यावर बालवाडीत खिचडी शिजवून दोन मुलींची लग्नं केलेली बाई. तिची ती एफडी. आणि बघा योग कसा — इकडे भाऊ विकायला बोट उचलतोय, तिकडे बहीण घ्यायला बसलीय. भावाची किटली सरळ बहिणीच्या घरी!

"अक्के, घेऊ नकोस," नाना ओरडलेच.

"का? तूच तर म्हणालास."

"मी म्हणालो म्हणून घेऊ नकोस. त्या पोराला घरी पाठव."

अक्का चिडल्या. पण थांबल्या. नानांनी कपाळ पुसलं. म्हणाले, "सुटली. आता विकायला हरकत नाही."

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आता घेणार कोण?"

"घेईल कुणीतरी. बाजार आहे तो. मला थोडाच दिसतोय?"

"त्याला अक्का नसेल?"

नाना चिडले. घड्याळ सव्वातीन दाखवत होतं. "अगं, मी चोरी करतोय का? शेअर माझे. घेणारा आपल्या मर्जीनं घेतोय. कायदा काय म्हणतो —"

कायदा काय म्हणतो ते मला माहीत नाही मंडळी. तो विचारायला गेलं तर वकील अर्धा तास बोलतो, आणि नानांकडे पंधराच मिनिटं होती. काकू कायद्यात शिरल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. केंद्रावर कुणाच्या दुधात पाणी सापडलं की तुम्ही ती किटली तिथल्या तिथे गटारात ओतायचात. माझ्या भावाचीसुद्धा ओतलीत, ऐन दिवाळीत. दोन वर्षं तो आपल्याकडे आला नाही. त्याला ती किटली परत का नाही दिलीत? त्याचंच दूध होतं ना?"

"परत द्यायची नसते," नाना तडकाफडकी म्हणाले. धंद्यातला प्रश्न, उत्तर तोंडपाठ! "परत दिली की माणूस तेच दूध घेऊन पुढच्या गावाला जातो. तिथे तपासणारा नसला की ते खपतं. लेकरांच्या पोटात जातं. म्हणून ज्याला पहिल्यांदा कळलं, त्यानंच —"

आणि थांबले.

काकूंनी पदर खोचला. त्या आत गेल्या. एवढं बोलून झाल्यावर आत निघून जायचं, ही कला त्या बाईंना होती. आपल्यातल्या पुष्कळांना नाही.

ह्यावर माझंच एक जोडकाम ऐका, चालीकडे बघू नका —

आपण सुटावे, दुज्या गुंतवावे,
मग साव म्हणवावे, जगामाजी ।

नाना खुर्चीत बसले. मोबाइल समोर टेबलावर. तीन वीस. तीन पंचवीस. बोटभर अंतरावर बावीस लाख. सोपं आहे का हो? कथेत सोपं वाटतं. इथे बसलेल्या मला आणि तुम्हाला, एका बोटानं बावीस लाख मिळणार असते, तर आपण वाळवीचं घर विकलं असतं आणि वर सत्यनारायण घातला असता. साडेतीन वाजले. बाजार मिटला. नानांना रडू आलं. ते चांगुलपणाचं रडू नव्हतं, पैसे गेल्याचंच होतं. चौतीस वर्षं पहाटे उठून जमवलेले पैसे, रडायला येणारच.

मग तोंड धुतलं आणि पहिला फोन केला कोष्टीबाईंना. आठशे जणांत जिला जळकी म्हटलं, तिला! म्हणाले, "बाई, मी चुकलो. तिथे दूध नाही. मला तक्रार लिहायचीय, पण मला लिहिता येत नाही."

बाई काय म्हणाल्या असतील? 'मी सांगत नव्हते का?' — हे वाक्य आपल्या घरात दिवसातून किती वेळा होतं! त्या म्हणाल्या, "काका, फोटो आहेत ना? मग तुम्ही सांगा, मी टाइप करते."

नाना सांगू लागले. पहिलं वाक्य — 'सदर डेअरीच्या परिसरात मांजर आढळले नाही.' बाई हसायच्या थांबेनात. म्हणाल्या, "काका, मांजर ठेवू. पण जरा खाली घेऊ. आधी नळ्या नाहीत ते लिहू, मग विजेचे आकडे, मग मांजर." शेअर बाजारावर लक्ष ठेवणारं जे सरकारी मंडळ आहे, त्याच्याकडे ती तक्रार गेली. फोटो, आकडे, म्हादबाचं म्हणणं, आणि तिसऱ्या परिच्छेदात मांजर. शेवटी नानांनी स्वतःहून एक ओळ घालायला लावली — 'माझ्याकडे ह्या कंपनीचे शेअर आहेत आणि ते मी विकलेले नाहीत. मी स्वतः अनेकांना घ्यायला लावले आहेत.'

पण तक्रार म्हणजे चौकशी, आणि चौकशीला वेळ लागतो. तोवर रोज सकाळी लोक घेतच राहणार. म्हणून दुसऱ्या दिवशी, बाजार उघडायच्या आधी, पावणेनऊ वाजता नानांनी ग्रुपवर लिहिलं. सगळं. टाक्या, टँकर, चहा. 'माझ्या शब्दावर ज्यांनी घेतले त्यांची माफी मागतो. नवीन कुणी घेऊ नका. मी माझे विकून मग सांगत नाहीये, आधी सांगतोय.'

मग काय झालं? लोकांनी नानांना खांद्यावर घेतलं? छे! पहिलं उत्तर आलं, 'नाना, बदनामीचे किती घेतलेत?' दुसरं, 'म्हातारा चळला.' आणि तिसरं — 'जळकेपणा सोडा.' स्वतःचाच शब्द, पोस्टानं परत आल्यासारखा! चौथ्या मिनिटाला विक्रांतसरांनी तो निरोप पुसला, गाय काढून घेतली आणि नानांना बाहेर काढलं. आठ महिन्यांचं मार्गदर्शन चार मिनिटांत संपलं.

आणि शेअर? तुम्हाला वाटत असेल, सत्य बोलल्याबरोबर आपटला. अहो, वर गेला! एकशे साठ. एकशे ऐंशी. एकशे शहाण्णव. अक्कांनी फोनवर ऐकवलं, "शेजारणीनं घेतले, तिचे झाले की नाही दीडपट? तुझं ऐकून मी बसले." आणि बोलणं बंद केलं. शिंपीआळीतला बापू भेटला की नुसता हसायचा. वीस दिवस असे गेले. नाना अजूनही विकू शकत होते, बरं का! रोज सकाळी सव्वानऊला दार उघडं होतं. कोष्टीबाईंनीही विचारलं, "काका, तुम्ही तर जाहीर सांगितलंयत. आता विकलेत तरी कोण नावं ठेवणार?" नाना म्हणाले, "नावाचं नाही हो. दुधातलं पाणी अजून तसंच आहे, आज विकलं तर ते घेणाऱ्याच्याच घरी जाणार ना."

एकविसाव्या दिवशी बातमी आली. चौकशी सुरू. मालक गायब. विक्रांतसरांचा आवाज बंद. मग विकायला आठशेचे आठशे उभे, घ्यायला कुणी नाही. नानांच्या सहा लाखांचे चाळीस हजार राहिले. अक्का परत बोलायला लागल्या. आभार वगैरे मानले नाहीत, थोरल्या बहिणी मानत नाहीत. एक दिवस सरळ डबा घेऊन आल्या आणि 'तू वाळलास' म्हणाल्या. नाना आता सकाळी एका खासगी केंद्रावर परत फॅट लावायला जातात. गुडघे दुखतात. मांजरं दोन आहेत.

आता तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणत असेल — बुवा, हे एवढं बारीकसारीक तुम्हाला कसं ठाऊक? काकू काय म्हणाल्या, नाना कधी रडले? नानांनीच सांगितलं. नावानिशी सांगा म्हणाले. आणि त्यांना मी फोन का केला होता, तेही सांगतो.

मी त्या आठशे जणांत होतो.

हो. असं बघू नका. बुवांना पोट नाही का? नानांचा तो निरोप चार मिनिटं तिथे होता, मी तो वाचला. सव्वानऊला बाजार उघडला, नऊ सतराला मी माझे सगळे विकले. फायद्यात! घेणाऱ्याचं नाव विचारायची तिथे पद्धत नाही. पुढे सगळं कोसळल्यावर मी नानांचा नंबर मिळवला आणि मोठ्या भक्तिभावानं फोन केला. म्हटलं, "नाना, तुमच्यामुळे मी वाचलो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय." दहा मिनिटं स्तुती केली. आमचा तो धंदाच आहे.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं झालं बुवा. मग तुम्ही पुढे कुणाकुणाला सांगितलंत?"

मंडळी, बत्तीस वर्षं कीर्तन करतो. मी नानांच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागलो.

हे आमचे तबलजी, दिगंबर सोनटक्के. अठरा वर्षं मला साथ करतात. ह्यांना क्षीरवैभव घ्यायला कुणी सांगितलं? मी. एका सप्ताहाहून परत येताना, एसटीत, ह्यांच्या शेजारी बसून. ज्या दिवशी सकाळी मी माझे विकले, त्याच दिवशी संध्याकाळी आमचं कीर्तन होतं. ह्यांनी ठेका धरला आणि मी निःस्वार्थ बुद्धीवर तास-दीड तास बोललो. मध्ये चहाला थांबलो, तेव्हा सांगता आलं असतं. 'मग तुम्ही आधी का विकलेत?' असं विचारतील, ह्या लाजेनं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या एकवीस दिवस चालला. ह्यांचे गेले ते गेले. आणि मी विकून बसलो होतो, हे ह्यांना आत्ता कळतंय, तुमच्याबरोबर.

दिगंबरपंत, चुकलो.

तेव्हा मंडळी, सुरुवातीला मी तुम्हाला विचारलं होतं, खरं केव्हा बोलावं. विचारण्याचा अधिकार मला नव्हताच. पण उत्तर नानांचं आहे, ते घरी न्या. तुम्हाला ठाऊक असलेलं आणि समोरच्याला ठाऊक नसलेलं असं काहीतरी प्रत्येकाजवळ आहे. जमिनीचं असेल, स्थळाचं असेल, भिशीचं असेल. कुणाला तरी 'घे' म्हणून तुम्ही सांगितलंय, आणि आता तुम्हालाच खात्री वाटत नाही. मोबाइल हातात आहेच. आरतीला अजून पाच मिनिटं आहेत. बाहेर पायरीवर जा, एक फोन करा, आणि 'माझं ऐकून करू नकोस, मला खात्री नाही' एवढंच म्हणा. देव थांबेल. त्याला सवय आहे.

जा, जा, उठा. तीन जण उठले! छान. आणि चौथ्या, त्या खांबाजवळच्या मावशीसुद्धा.

आता निरांजन लावा. दिगंबरपंतांनी तबल्यावरचे हात काढून घेतलेत. बरोबर आहे त्यांचं, कुणी त्यांना काही म्हणू नका. आजची आरती आपण नुसत्या टाळ्यांवर म्हणू.